चमच्यामागचं 'जीए' म्हणजे नक्की कोण? (जुन्या विलायती चांदीवरचे शिक्के)

सातारकर_पेटीवाला

नमस्कार मंडळी. इथे जुन्या वस्तूंचे जाणकार आहेत असं दिसतं म्हणून विचारतोय, जरा लांबण लागेल.

मागच्या महिन्यात आमचं जुनं घर उतरवायला घेतलं. माळ्यावरच्या लाकडी पेटीत धोतराच्या फाडक्यात गुंडाळलेले सहा मोठे चमचे निघाले. ते आहेत हे माहीत होतंच, आत्या दर गौरीला विषय काढते, पण हातात मी पहिल्यांदाच घेतले. चांगले दणदणीत आहेत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ७५ ग्रॅमच्या आसपास भरला. दांडी शेवटाकडे व्हायोलिनसारखी रुंद होत जाते आणि पुढच्या बाजूला एका पक्ष्याचं डोकं कोरलंय. सगळे काळेकुट्ट. आईने लगेच रांगोळी आणि चिंच घेऊन एक घासून काढला, बाकीचे मी पळवले.

मागे दांडीवर बारीक शिक्के आहेत, नुसत्या डोळ्याला नीट दिसत नाहीत. दिवाणखान्यातल्या भिंगातून मला जे दिसलं ते सांगतो, हसू नका. एक कुत्रा की काय आहे तो पाठीवर पडून पाय वर करून लोळतोय, त्याच्या शेजारी मांजराचं तोंड, मग डब्ल्यूसारखं एक अक्षर पण जुन्या जर्मन वळणाचं, मग एका बाईचं डोकं, तेही उलटं. आणि यांच्यापासून थोडं सुटं, पण सुलट, दोन अक्षरं: जीए.

आता घरातली गोष्ट अशी की आमच्या पणजोबांचं नाव गोविंद आत्माराम. जन्म १८७८ चा. महाबळेश्वरला एका साहेबाच्या कचेरीत कारकून होते, आणि साहेब विलायतेला परत जाताना त्याने यांचं नाव घालून चमचे करवून दिले असं आत्या छातीठोक सांगते. जीए म्हणजे गोविंद आत्माराम, विषय संपला.

गावातल्या एका सराफाला दाखवले. त्याने कसोटीवर घासून बघितलं, चांदी बरी आहे म्हणाला, मोडीत घेतो, घट धरून. वर त्रिकोण नाही म्हणजे हॉलमार्क नाही असंही म्हणाला. मला विकायचे नाहीयेत, फक्त कोणी केले, कधी केले आणि आत्या म्हणते ते खरं का एवढंच कळलं तर बरं. फोटो टाकलेत, पण मोबाईलवर धूसर आलेत.

गप्पिष्ट_गण्या

त्रिकोण नाही म्हणजे हॉलमार्क नाही, सोपं आहे. हल्ली भाव बघताय ना चांदीचा? द्या मोडीत आणि आत्याला एक छानसं पैंजण घ्या 😄

बर्मिंगहॅमकर

गण्याभाऊ थांबा जरा, मोडायला लावू नका लोकांना!

तो त्रिकोण आपल्या बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग सुरू झालं २००० साली आणि चांदीचं २००५ मध्ये. पेटीवाल्यांचे चमचे त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांच्यावर त्रिकोण येणार कुठून. हॉलमार्क हा शब्दच मुळात लंडनचा आहे. तिथल्या सोनारांच्या संघाचा जो हॉल, गोल्डस्मिथ्स हॉल, तिथे माल नेऊन तपासून घ्यायचा आणि शिक्का मारून आणायचा, १४७८ पासून हे चालू आहे. हॉलमध्ये मारलेला मार्क तो हॉलमार्क.

आता पेटीवाले, पहिलं काम करा. चमचा उलटा धरा. म्हणजे वाटी तुमच्या डावीकडे असेल तर उजवीकडे करा. तुमचा कुत्रा उठून उभा राहील 🙂 तो कुत्रा नाही, सिंह आहे, चालणारा, पुढचा एक पाय उचललेला. हा सिंह १५४४ पासून इंग्लंडात शुद्धतेची खूण म्हणून मारतात. स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग. तुमच्या सराफाने कसोटीवर जे सांगितलं तेच हा सिंह दीडशे वर्षं सांगत बसलाय.

मांजराचं तोंड म्हणजे लंडनचा बिबळ्या. हा शहराचा शिक्का. डोक्यावर मुकुट आहे का नाही ते बघा, १८२१ पर्यंत लंडनच्या बिबळ्याला मुकुट असायचा, पुढे काढला. आमच्या बर्मिंगहॅमचा शिक्का नांगर आहे, जहाजाचा, आणि गंमत म्हणजे इथून समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफिल्डच्या लोकांनी आपापलं तपासणी ऑफिस मिळवायला लंडनला ठाण मांडलं, ते 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत भेटायचे, आणि त्यावरून एकाने मुकुट घेतला आणि एकाने नांगर, अशी गोष्ट इथले लोक सांगतात. गोष्ट खरी का खोटी देव जाणे पण शेफिल्डचा शिक्का १९७५ पर्यंत मुकुटच होता. एडिंबराचा किल्ला, डब्लिनची वीणा, चेस्टरची तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या. शहर कळलं की अर्धं काम झालं, कारण तेव्हा वर्षाचं अक्षर प्रत्येक शहराचं वेगळं चालायचं.

मग तुमचा डब्ल्यू. इथे खरी मजा आहे. लंडनची अक्षरमाला तेव्हा २० वर्षांची असायची, ए पासून यू पर्यंत, मधला जे गाळून. यू झालं की पुन्हा ए, फक्त अक्षराचं वळण आणि चौकट बदलायची. म्हणजे त्या काळच्या लंडनच्या मालावर व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असूच शकत नाही. तुम्ही चमचा उलटा धरलाय, म्हणून तो डब्ल्यू नाही, एम आहे.

एम लंडनला दर २० वर्षांनी येतो: १७८७, १८०७, १८२७, १८४७, १८६७, १८८७, १९०७, १९२७. तुम्ही म्हणताय जुनं जर्मन वळण, फोटोतही छोटं गॉथिक एम वाटतंय. तसा एम दोनदाच येतो, १८६७ आणि १९२७. मग दोघांतलं कुठलं? तर ते बाईचं डोकं. ती व्हिक्टोरिया राणी. डोकं म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण, १७८४ ला सुरू झाली आणि १८९० ला कर उठला तशी बंद. म्हणजे १९२७ बाद.

राहिलं १८६७. नेमकं सांगायचं तर १८६७-६८, कारण लंडनला अक्षर मे महिन्यात बदलायचं, जानेवारीत नाही.

आणि पणजोबांचा जन्म १८७८ चा म्हणालात ना? 😬

सातारकर_पेटीवाला

अहो फिरवून बघितलं आणि खरंच सिंह उभा राहिला!! आईला हाक मारून दाखवला. बिबळ्याला मुकुट नाहीये.

पण एक कळलं नाही. बाकी सगळं उलटं होतं तेव्हा जीए सुलट कसं दिसत होतं? म्हणजे ते नंतर घातलंय ना? मग आत्याचं अजून खरं असू शकतं की. चमचे जुने, साहेबाने नाव मागाहून घातलं.

बर्मिंगहॅमकर

चांगला प्रश्न, पण उत्तर आत्याला आवडणार नाही. सिंह, बिबळ्या, अक्षर, राणी हे तपासणी ऑफिसने मारलेले शिक्के, म्हणून ते एका ओळीत आणि एका दिशेला. करणाऱ्याचा शिक्का तो आपल्या कारखान्यात आधीच मारून मग माल हॉलला पाठवायचा. म्हणून तो सुटा पडतो, कधी तिरका, कधी सरळ उलट्या दिशेने. तुमच्या सहाही चमच्यांवर जीए आणि बाकीच्या शिक्क्यांतलं अंतर मोजून बघा, सारखं नसणार.

दुसरं म्हणजे जीए खोलगट चौकटीत उठावदार आहे ना? मागाहून नाव घालतात ते कोरून, अक्षर आत जातं आणि चौकट नसते. इथे ठसा ठोकलाय. १३६३ पासून लंडनच्या सोनारांना स्वतःची खूण ठोकणं सक्तीचं आहे.

त्या वर्षीचा लंडनचा जीए आणि वस्तू चमचा, म्हणजे माझ्या मते जॉर्ज अ‍ॅडम्स. चॉनर अँड कंपनीचा मालक. याची कथा छान आहे. विल्यम चॉनर म्हणून मोठा चमचेवाला होता, तो १८३४ ला वारला, मग बायको मेरी हिने स्वतःच्या नावाचा शिक्का नोंदवून कारखाना चालवला, आणि पुढे जावई जॉर्ज अ‍ॅडम्स याने १८४० मध्ये जीए नोंदवला. व्हिक्टोरियाच्या काळात लंडनला चमचे-काटे म्हटलं की हे नाव पहिल्या दोन-तीनात. १८८३ ला कारखाना दुसऱ्यांना विकला. विधवा बायकांनी कारखाना चालवणं तिथे नवलाचं नव्हतं, हेस्टर बेटमनने तर नवरा गेल्यावर १७६१ ला एचबी नोंदवला आणि आज तिच्या चमच्यांसाठी लोक भांडतात.

जुनाबाजार_रविवार

बर्मिंगहॅमकर, वर्षाचं सगळं मान्य, पण नावावर एवढ्या झटकन शिक्का मारू नका (शिक्क्याच्या धाग्यात ही कोटी करायलाच हवी होती).

त्याच शहरात त्याच वर्षांत दुसरा जीए होता की, जॉर्ज अँजल. त्याचंही नाव जी, आडनाव ए, तोही लंडनचा, तोही व्हिक्टोरियाच्या काळातला. मी स्वतः यात फसलोय. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मीठदाणी घेतली, जीए बघून अ‍ॅडम्स अ‍ॅडम्स करत घरी आलो, मित्रांना दाखवली, आठ दिवस मिरवली. मग एकाने शांतपणे दोन फोटो शेजारी ठेवले. अक्षरं तीच पण चौकटीची कड वेगळी. तेव्हापासून शिकलो की आद्याक्षरं सगळ्यात शेवटी वाचायची. आधी शहर, मग वर्ष, मग चौकटीचा आकार, अक्षरांमध्ये टिंब आहे का नक्षी आहे का, आणि मग अक्षरं. लोक नेमकं उलट करतात कारण अक्षरंच तेवढी वाचता येतात. जीए, जेएस, डब्ल्यूएच असल्या जोड्या तर पावलोपावली आहेत, नुसती अक्षरं गुगलात टाकून काही होत नाही.

नोंदींमध्येही भोकं आहेत. लंडनचं १७५८ ते १७७३ चं मोठ्या कारागिरांचं रजिस्टरच गहाळ आहे. त्या पंधरा वर्षांतल्या बऱ्याच शिक्क्यांना अंदाजानेच नाव जोडलेलं असतं, तेव्हा विकणारा छातीवर हात ठेवून नाव सांगत असेल तर थोडा संशय ठेवावा. पेटीवाल्यांचा माल सुदैवाने शंभर वर्षं पुढचा आहे.

आता हे करा. सहाही चमचे वेगवेगळे बघा, एकाचं बघून बाकी पाच तसेच धरू नका. शिक्का धूसर असेल तर मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, धरून हलकी काजळी बसवा, अगदी डोळ्यात घालायच्या काजळासारखी धरते. निवू द्या. मग त्यावर सेलोटेप दाबून अलगद उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. शिक्का असा स्वच्छ उमटतो की भिंगही लागत नाही. काजळी साबणाच्या पाण्याने निघते. फोटो काढायचा तर खिडकीपाशी, उजेड बाजूने पडू दे, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद.

आणि आईंना हात जोडून सांगा, रांगोळी नको! रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. चांदी मऊ असते, शिक्क्याच्या कडा पहिल्या झिजतात आणि एकदा गेल्या की गेल्या. साधा साबण, कोमट पाणी, मऊ सुती फडकं. दांड्यांना रबरबँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने काळे पट्टे पडतात.

सातारकर_पेटीवाला

काजळीचा प्रयोग केला!!! काय भारी प्रकार आहे हो. स्वयंपाकघरभर मेणबत्तीचा वास आणि बायको म्हणतेय शाळेतल्या पोराचा प्रोजेक्ट चाललाय का. सहाही पट्ट्या वहीत चिकटवून फोटो टाकलाय.

पाच चमचे सारखेच. सिंह, बिबळ्या, एम, राणी, आणि जीए. अंतर खरंच प्रत्येकाचं वेगळं, एकावर तर जीए जवळजवळ आडवा झालाय. जालावर अ‍ॅडम्स आणि अँजल दोघांचे शिक्के बघून माझ्या पट्ट्या शेजारी धरल्या, चौकट अ‍ॅडम्सचीच जुळते. तुम्ही दोघांनीही बघून सांगा.

पण सहावा वेगळाच निघाला! आकार तोच, पक्ष्याचं डोकं नाही. मागे चार छोट्या ढाली, प्रत्येकीत एक गॉथिक अक्षर. ई, पी, एन, एस. राणी नाही, बिबळ्या नाही, सिंहही नाही. हे कुठलं शहर? आणि वजन फक्त ६१ ग्रॅम.

जुनाबाजार_रविवार

चौकट बघितली, अ‍ॅडम्सच. माघार घेतो 🙏

सहावा कुठल्याच शहराचा नाही. कोल्हापूरकर सांगतील, त्यांचा विषय.

कोल्हापूरचा_सराफपोर

बोलावलंत म्हणून आलो.

ईपीएनएस म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकल सिल्व्हर. नावात सिल्व्हर आहे पण आत चांदीचा कणही नाही, तांबं, जस्त आणि निकल. यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. आपल्याकडे जर्मनची भांडी म्हटलं की लोकांना अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आठवतं, ते वेगळं जर्मन. हा मिश्रधातू पांढरा असतो, त्यावर विजेने चांदीचा पातळ मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४० ला या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मग चांदीसारखी दिसणारी भांडी मध्यमवर्गाच्या घरात घुसली.

चार अक्षरं चार ढालींत का मारायचे? लांबून बघणाऱ्याला हॉलमार्कची ओळ वाटावी म्हणूनच की. अगदी गॉथिक वळणासकट. कायद्याने सिंह मारता येत नव्हता, ढाल मारायला कोण अडवतो. कित्येक मुलाम्याच्या वस्तूंवर तर मुकुट, कारखान्याची आद्याक्षरं, आकडे असलं काय काय रांगेत असतं. तेव्हा विलायती वस्तूवर ओळीने शिक्के दिसले की एकच प्रश्न विचारायचा, सिंह कुठे आहे? स्कॉटलंड-आयर्लंडचं वेगळं, तिथे एडिंबराचं काटेरी फूल किंवा डब्लिनची मुकुटवाली वीणा बघायची.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगतो. कसोटीवर वरवर घासलं तर मुलाम्याची चांदीच लागते आणि कस चांगला दिसतो, त्यामुळे नुसत्या कसावर जाऊ नका. चमच्याच्या वाटीची मागची टाच बघा, जिथे तो ताटाला टेकतो. शंभर वर्षं टेकून टेकून मुलामा तिथे पहिला उडतो आणि खालचा धातू पिवळसर करडा दिसतो. पेटीवाले, बघा तुमच्या सहाव्याची टाच. आणि त्या सराफाने सहाव्यालाही चांदी म्हटलं असेल तर त्याने एकच घासून बघितला असणार.

आणखी एक. कुणाला शंका असेल की पाच चमचे ओतीव नकला तर नाहीत, तर अशा नकलांत पाचही शिक्के हुबेहूब एकाच जागी, एकाच ठिकाणी तुटका कान, एकाच ठिकाणी खळगा असे येतात, कारण साचा एकाच चमच्यावरून घेतलेला. यांचा जीए हिंडतोय, आडवा पडतोय, म्हणजे हाताने ठोकलाय. तो आडवा शिक्का बघून मला तर फार बरं वाटलं.

मुलुंडचा_कच्छी_शेजारी

हे सगळं विलायती मालाचं झालं. पण साहेबाच्या काळातली सगळी चांदी विलायती नसते, एवढं सांगायला आलोय.

आपल्याकडे तेव्हा सरकारी तपासणी ऑफिस असं काही नव्हतंच. त्यामुळे वर्षाचं अक्षर नाही, शहराचा शिक्का नाही. कलकत्त्याचे हॅमिल्टन अँड कंपनी आपला एच अँड को मारायचे आणि सोबत हत्ती, मद्रासचे पी. ऑर अँड सन्स आपलं नाव. हत्ती बघून बऱ्याच जणांना तो हिंदुस्थानचा सरकारी शिक्का वाटतो, तसं नाही, तो दुकानाचा.

आणि आमच्या भुजचे ओमरसी मावजी. कच्छच्या महारावांच्या दरबारी कारागीर, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्यांच्या कामावर नुसतं ओ.एम. किंवा ओएम भुज. माझ्या शेजारच्या काकूंकडे त्यांचा म्हणून एक दुधाचा चंबू आहे, वेलबुट्टी इतकी दाट की बोट ठेवायला कोरी जागा नाही, त्या वेलींत ससा, हरीण, कुत्रा लपलेले, मूल रडायला लागलं की काकू त्याला चंबू हातात देऊन ससा शोधायला लावतात. ओएम बघून त्यांच्या सुनेला तो ॐ वाटला होता आणि चंबू दोन वर्षं देवघरात होता 😀

गप्पिष्ट_गण्या

हे बेस्ट होतं. पेटीवाल्यांचा जीए आणि काकूंचा ओएम, दोघांचंही एकच.

मांडवी_किनारा

गोंयकारांसाठी एक जोड. आमच्याकडे जुन्या घरांत पोर्तुगालहून आलेली चांदी असते, तिला सिंह शोधत बसू नका. तिथे १८८७ ते १९३७ पर्यंत रानडुकराचं डोकं आणि १९३८ पासून गरुडाचं. माझ्या आजीकडे पालितेरो होतं, दातकोरणी खोचायचं छोटं चांदीचं झाड, त्याच्या बुडाला ते डुकराचं डोकं इतकं बारीक की आम्हाला ते लहानपणी ठोकर लागून पडलेला पोचा वाटायचं.

फ्रान्सचं असेल तर शिरस्त्राण घातलेलं मिनर्व्हा देवीचं डोकं, १८३८ पासून. जर्मनीचं १८८८ नंतरचं असेल तर चंद्रकोर आणि मुकुट, शेजारी बहुतेक वेळा ८००. आकडा दिसला की घाबरू नका, युरोपात बऱ्याच ठिकाणी ९२५ पेक्षा कमी चालायचं.

बर्मिंगहॅमकर

वा, धागा मस्त चाललाय.

पेटीवाले, पक्ष्याच्या डोक्याबद्दल राहिलं. ते घराण्याचं चिन्ह. पैसेवाल्या इंग्रज घरात चमचे घेतले की दुकानदार खोदकाम करणाऱ्याकडून ते घालून द्यायचा. पाचांवर आहे आणि सहाव्यावर नाही, म्हणजे पाच एका घरचे, सहावा मागाहून भरती केलेला. फक्त एकेक पक्ष्याचं डोकं बऱ्याच घराण्यांनी वापरलेलं असतं, खाली ब्रीदवाक्य असेल तरच घर नक्की करता येतं, तुमच्यावर ते नाहीये.

बाकी साहेबाने चमचे दिले हे आत्याचं म्हणणं मी खोडत नाहीये हं. साहेब लोक परत जाताना घरातलं सामान विकून-वाटूनच जायचे, लिलाव व्हायचे, भांडीकुंडी, खुर्च्या, पियानो, सगळं. बोटीत नेण्यापेक्षा ते स्वस्त. कचेरीतल्या कारकुनाला चमचे मिळाले यात अशक्य काही नाही. खोडतोय ते फक्त दोन अक्षरं.

हिशोबाची एक गंमत. १८६७ ला कर औंसाला दीड शिलिंग होता. तुमचा ७५ ग्रॅमचा चमचा म्हणजे जवळपास २.४ औंस, म्हणजे एका चमच्यावर साडेतीन शिलिंगच्या वर नुसता कर. त्याची पावती म्हणजे ते राणीचं डोकं.

आणि जाता जाता, ज्याला आपण करणाऱ्याचा शिक्का म्हणतो त्याला इथे १९७५ पासून कायद्याच्या भाषेत स्पॉन्सरचा शिक्का म्हणतात. कारण ज्याने माल तपासायला पाठवला त्याचा तो शिक्का. तुमचा चमचा जॉर्ज अ‍ॅडम्सने स्वतः हातोडी घेऊन ठोकला असं समजू नका, त्याच्या कारखान्यात कामाला माणसं होती. ठोकणाऱ्याचं नाव कशावरच नसतं.

सातारकर_पेटीवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

टाच बघितली. सहाव्याची वाटी मागून पिवळट पडलीय, नखाएवढा डाग. बाकी पाचांना काही नाही.

काल आत्याला फोन केला. आधी सहाव्याचं सांगितलं, म्हटलं हा एक खोटा आहे. ती लगेच म्हणाली हो, तो बेळगावच्या लग्नात हरवला होता ना, सासूबाईंनी बोहारणीकडून जोड आणून लावली, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. म्हणजे तिला माहीत होतं! मग हिंमत करून जीएचं सांगितलं. लंडन, १८६७, जॉर्ज अ‍ॅडम्स, पणजोबांच्या जन्माच्या ११ वर्षं आधी. बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "म्हणजे साहेबाने आधीच घालून ठेवलेलं नाव शोधून माणूस नेमला म्हण की."

यावर मी काय बोलणार. गौरीला येतेय, तेव्हा सिंह उभा करून दाखवीन. चमचे सध्या जुन्या मलमलीच्या साडीच्या तुकड्यात एकेक वेगळे बांधून कपाटात ठेवलेत, रबरबँड काढले. आईने घासलेला पण बघितला, सिंहाची शेपटी जरा पुसट झालीय पण एम शाबूत आहे.

गप्पिष्ट_गण्या

आत्याला या ग्रुपवर आणा.

आणि कोल्हापूरकर, माझ्याकडे सासरहून आलेला एक अत्तरदाणीसारखा प्रकार आहे, बुडाला नांगर दिसतोय आणि एक छोटा एम, साधाच, गॉथिक नाही. राणी नाही. टाकू का फोटो?

बर्मिंगहॅमकर

नांगर आहे म्हणजे माझ्या गावचा, टाका टाका. सिंह आहे का ते आधी बघा. आणि लंडनचा तक्ता लावू नका हं, आमची अक्षरमाला तेव्हा २५-२६ ची असायची, तुमचा साधा छोटा एम १९११ चा निघू शकतो. चौकटीचा फोटो जवळून घ्या.